जर्मनटाउनची मंडळी, डहाणूची मंडळी

अमरावती-अकोल्याच्या वाचकाने फिलाडेल्फियाजवळच्या एका जुन्या दगडी चर्चचा इतिहास का वाचावा, असं हे पुस्तक चाळणारा कोणीही विचारील. वऱ्हाडात सांगण्यासारख्या मंडळ्या काय कमी आहेत? अचलपूरची आहे, अकोल्याची आहे, खामगावची आहे, कोठाऱ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाच्या आसऱ्याने वाढलेली आहे. मग आपलं घर सोडून जर्मन बोलणाऱ्या परक्या माणसांमागे इतकी पानं का घालवायची?

याचं कारण आपल्याकडच्या मंडळ्यांचा इतिहास लिहिण्याच्या रीतीत आहे. तो नेहमी एकाच वाक्याने सुरू होतो: अमुक साली अमुक साहेब आले. त्यापुढे साहेबांच्या बदल्या, बंगल्याचं बांधकाम, शाळा, दवाखाना, विहीर, आणि शेवटी साहेब मायदेशी परतले. गावातली माणसं या कहाणीत संख्येपुरती येतात; अमुक जणांचा बाप्तिस्मा झाला, इतकंच. साहेब ज्या मंडळीतून आले ती मंडळी मुळात कुठली, तिच्यावर काय गुदरलं होतं, हे तर कोणी विचारतच नाही. जणू ती पहिल्यापासून अशीच होती: सुखवस्तू, इंग्रजी बोलणारी, दुसऱ्याला देण्याइतकं गाठीशी असलेली. ही समजूत मोडल्याशिवाय आपल्या मंडळ्यांचा इतिहासही नीट लिहिता येणार नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणून आधी ही गोष्ट.

सुरुवात आठ माणसांपासून होते. पाच पुरुष, तीन स्त्रिया. साल 1708, ठिकाण जर्मनीतल्या विटगेनश्टाइन परगण्यातलं श्वार्त्सेनाउ नावाचं खेडं, आणि पाणी एडर नदीचं. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध 1648 मध्ये थांबलं तेव्हा झालेल्या तहाने जर्मन मुलखात तीनच पंथांना मान्यता दिली होती: कॅथलिक, लूथरन आणि रिफॉर्म्ड. या तिघांबाहेरचा माणूस राजाच्या दृष्टीने गुन्हेगार. त्यातही तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या माणसाने मोठेपणी समजून-उमजून पुन्हा पाण्यात उतरणं हा तर उघड बंडाचा प्रकार मानला जाई. श्वार्त्सेनाउचा सरदार जरा उदार होता, म्हणून अशी हाकललेली माणसं तिथे गोळा झाली होती. त्यांत श्रीसहाइमचा एक गिरणीवाला होता, अलेक्झांडर माक. घरची गिरणी, द्राक्षमळे असलेला खाऊनपिऊन सुखी माणूस. त्याचं सगळं द्रव्य पुढे बांधवांचे दंड भरण्यात आणि निर्वासितांना पोसण्यात संपलं.

या आठ जणांनी नदीत उतरून एकमेकांना तीनदा बुडवून बाप्तिस्मा दिला. माकला पहिल्यांदा कोणी बाप्तिस्मा द्यायचा, हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि ते नाव कधीही सांगायचं नाही असं एकमेकांत ठरवलं. त्यांनी ते पाळलं. आज तीनशेहून अधिक वर्षं झाली तरी ते नाव कोणाला ठाऊक नाही. आपल्या पंथाला कोणा एका माणसाचं नाव चिकटू नये, ही त्यामागची काळजी होती. ज्या देशात प्रत्येक मठाला आणि संप्रदायाला संस्थापकाचं नाव असतं तिथल्या वाचकाला या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

मग छळ सुरू झाला. झोलिंगेनच्या सहा बांधवांना युलिशच्या किल्ल्यात सक्तमजुरीला जुंपण्यात आलं. क्रेफेल्डला काही जण आसरा शोधत गेले, तिथे आपसात भांडणं झाली. 1719 मध्ये पेटर बेकर नावाच्या विणकराबरोबर काही कुटुंबं जहाजात बसली आणि पेनसिल्व्हेनियात उतरली. माक स्वतः आधी हॉलंडमध्ये फ्रीसलंडला गेला आणि 1729 मध्ये उरलेल्यांना घेऊन अमेरिकेला पोचला.

फिलाडेल्फियाच्या उत्तरेला जर्मनटाउन ही वस्ती आधीच होती. 1683 मध्ये क्रेफेल्डकडच्या क्वेकर आणि मेनोनाइट कुटुंबांनी ती वसवली होती. त्याच वस्तीतल्या चार जणांनी 1688 मध्ये गुलामगिरीविरुद्ध लेखी अर्ज केला. अमेरिकेच्या भूमीवरचा अशा प्रकारचा हा पहिला निषेध मानला जातो. अशा शेजारात बेकरची माणसं उतरली खरी, पण उतरल्यावर चार वर्षं त्यांनी एकत्र उपासनाच केली नाही. जहाजावरचे रुसवे मनात होते, जमिनी लांब लांब मिळाल्या होत्या, आणि जंगल तोडून घर उभं करण्यात दिवस जात होता. स्थलांतरितांच्या इतिहासात ही चार वर्षं सहसा गाळली जातात. मी ती मुद्दाम ठेवली आहेत, कारण परमुलखात गेलेली माणसं लगेच एकजीव होतात हा गोड समज आहे. आधी पोट, मग भांडण, मग कधीतरी मंडळी.

ती मंडळी झाली 1723 च्या नाताळच्या दिवशी. विस्साहिकन ओढ्याच्या थंडगार पाण्यात बेकरने सहा जणांना बाप्तिस्मा दिला आणि रात्री एका घरात तेवीस जण प्रीतिभोजनाला बसले. या पंथाचं प्रीतिभोजन म्हणजे नुसतं भाकर आणि प्याला नव्हे. आधी पाय धुणं. कमरेला रुमाल बांधून एकाने वाकायचं, परातीत दुसऱ्याचे पाय धुवायचे, पुसायचे, उठून त्याला आलिंगन द्यायचं. मग तो रुमाल त्याने बांधून पुढच्या माणसासमोर वाकायचं. पुरुषांनी पुरुषांचे, बायकांनी बायकांचे. त्यानंतर सगळ्यांनी मिळून साधं जेवण, आणि त्यानंतर प्रभुभोजन. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा जो प्रसंग आहे, तो त्यांनी अक्षरशः पाळला. शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही, कोर्टकचेरी करायची नाही, हेही त्यांनी त्याच अक्षरशः वृत्तीने पाळलं.

देऊळ मात्र त्यांनी बांधलं नाही. सत्तेचाळीस वर्षं उपासना घराघरांत होत राहिली. जर्मनटाउनचं दगडी सभागृह उभं राहिलं ते 1770 मध्ये. आपल्याकडे चर्चचा इतिहास म्हणजे इमारतीचा इतिहास असं धरून चालतात. कोनशिला कधी बसली, घंटा कुठून आली, मनोऱ्याला किती खर्च आला. जर्मनटाउनच्या मंडळीच्या सर्वांत जिवंत काळात दाखवायला इमारतच नव्हती.

होता तो छापखाना. क्रिस्टोफ झाउअर या गृहस्थाने जर्मनटाउनला 1738 मध्ये जर्मन छपाई सुरू केली आणि 1743 मध्ये लूथरच्या भाषांतराचं अख्खं जर्मन बायबल छापलं. अमेरिकेत युरोपीय भाषेत छापलेलं हे पहिलं बायबल. इंग्रजी बायबल तिथे छापून निघायला 1782 उजाडलं. म्हणजे इंग्रजांच्या वसाहतीत जर्मन निर्वासितांनी आपला धर्मग्रंथ आपल्या भाषेत जवळजवळ चाळीस वर्षं आधी छापला. गरिबाला त्याची किंमत पडणार नाही, असंही झाउअरने जाहीर केलं होतं. त्याचा मुलगा, दुसरा क्रिस्टोफ झाउअर, याच मंडळीत वडील झाला. त्याने बायबलच्या आणखी दोन आवृत्त्या काढल्या, 1763 आणि 1776 मध्ये. या तिसऱ्या आवृत्तीचे न बांधलेले कागद पडून होते तेव्हा अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध जर्मनटाउनच्या रस्त्यावर आलं. 1777 च्या लढाईत सैनिकांनी ते कागद काडतुसांसाठी वापरल्याचं सांगतात. पुढच्याच वर्षी झाउअरला पकडलं, दाढी भादरून विटंबना केली, आणि त्याची मालमत्ता जप्त करून लिलावात काढली. त्याचा गुन्हा काय, तर नव्या राज्याच्या निष्ठेची शपथ त्याने घेतली नाही. एका राजाच्या छळातून पळालेल्यांना स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांच्या हातूनही असं सोसावं लागलं. हे प्रकरण या पुस्तकात मी सर्वांत विस्ताराने लिहिलं आहे.

यानंतरची शंभर वर्षं मी झरझर ओलांडली आहेत. माणसं पश्चिमेकडे शेतीच्या शोधात सरकत गेली, पंथ पसरला, फुटला, आणि हळूहळू जर्मन मागे पडली. 1791 मध्येच त्यांचं इंग्रजी गीतपुस्तक निघालं होतं. आजी जर्मनमध्ये प्रार्थना करते, नातू इंग्रजीत उत्तर देतो, हा प्रवास प्रत्येक गावात आपापल्या गतीने झाला. 1871 मध्ये पंथाने अधिकृत नाव घेतलं ते जर्मन बॅप्टिस्ट ब्रदरन. 1908 मध्ये त्यातला जर्मन शब्द काढून चर्च ऑफ द ब्रदरन असं नाव केलं.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट या दोन सालांच्या मधे घडली. 1894 मध्ये विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी आणि बर्था रायन हे तिघे मुंबईला उतरले आणि 1895 मध्ये बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, त्यांनी बिऱ्हाड केलं. पाठोपाठ दुष्काळ आला. 1899-1900 चा तो दुष्काळ गुजरातेत छप्पनियो म्हणून आजही आठवला जातो, आणि वऱ्हाडालाही त्याने सोडलं नाही. बलसाडला ब्रदरन मिशनने अनाथ मुलं गोळा केली. त्याच वेळी आपल्याकडे अकोल्याला मुलग्यांचं आणि खामगावला मुलींचं अनाथालय अमेरिकेच्याच अलायन्स मिशनने चालवलं. अमेरिकेतून क्विटो नावाचं जहाज 1900 मध्ये मका भरून मुंबईला आलं. त्या मदतीसाठी ज्यांनी हात पुढे केला त्यांत जर्मन बोलणारे मेनोनाइट शेतकरीही होते, आणि त्यांतले अनेक जण रशियातून घरदार सोडून येऊन जेमतेम पंचवीस वर्षं झालेले. उपाशी माणसाला धान्य पाठवणाऱ्यांच्या घरात उपासमारीची आठवण ताजी होती, हे आपल्या मिशनइतिहासात कुठे तरी यायला हवं होतं.

बलसाडहून मिशन दक्षिणेला सरकलं आणि मराठी मुलखात शिरलं: डहाणू, वाडा, पालघर, आणि वर डांगातलं आहवा. मंडळीचे दोन जिल्हे झाले, पहिला गुजराती आणि दुसरा मराठी. डहाणूच्या दवाखान्याशी डॉ. बार्बरा निकी यांचं नाव जोडलेलं आहे. त्या 1915 मध्ये भारतात आल्या. त्या काळची डहाणू म्हणजे समुद्रकाठच्या वाड्या, मागे सागाचं जंगल, आणि सावकार-जमीनदारांच्या वेठीत अडकलेला वारली. याच मुलखात 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारी झुगारली. या मातीत परातीत पाय धुण्याचा तो विधी आला. ज्याच्या स्पर्शाला किंमत नाही त्याचे पाय शिकलेल्या माणसाने धुवायचे, आणि त्याने शिकलेल्याचे. कोणी कोणासमोर वाकायचं यात मानपान नाही. एडरकाठच्या आठ जणांनी जे शोधलं त्याचा खरा अर्थ डहाणूला जास्त कळला असेल, असं मला वाटतं. पण खोटं चित्रही रंगवायचं नाही. विधी संपल्यावर साहेब बंगल्यात जाई आणि पाळक खोलीत. पगार, हुकूम आणि जमिनीची कागदपत्रं ही बंगल्याकडेच होती. ती विषमता मी लपवलेली नाही.

आणि एक गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी. ज्या लोकांनी जर्मनटाउनला आपल्या भाषेसाठी छापखाना चालवला, त्यांच्या मराठी मंडळ्यांना गाण्यासाठी उसनं काही आणावं लागलं नाही. नारायण वामन टिळकांची भजनं, अभंगांच्या चाली, उपासना संगीत हे सगळं इथे तयार होतं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, म्हणजे स्टोव्हर बलसाडला बस्तान बसवत होते त्याच वर्षीचा. जर्मनटाउनच्या मंडळीला आपली भाषा सोडावी लागली; आपल्या मंडळ्यांनी ती पहिल्या दिवसापासून धरली. पंडिता रमाबाईंनी मुळातून केलेलं मराठी बायबल 1924 मध्ये छापून निघालं. एका बाईने सबंध पवित्र शास्त्र आपल्या भाषेत आणावं, ही जगाच्या पाठीवर दुर्मीळ गोष्ट आहे.

परमुलखात जाऊन देऊळ बांधण्याचा अनुभव मराठी माणसालाही आहे. कोकणातले बेने इस्रायल ज्यू नोकरीधंद्यासाठी कराचीला गेले आणि 1893 मध्ये त्यांनी तिथे मागेन शालोम हे प्रार्थनागृह उभारलं. उमरडेकर या घराण्याचं नाव त्याला जोडलेलं आहे. घरात मराठी बोलायची आणि प्रार्थना हिब्रूत करायची अशी ती मंडळी. फाळणीनंतर माणसं पांगली आणि 1988 मध्ये ती इमारत पाडून तिथे व्यापारी संकुल उठलं. त्या मंडळीवर मराठीत स्वतंत्र पुस्तक व्हावं, ही माझी जुनी इच्छा आहे.

आता नागपूर. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, मेथडिस्टांची एक शाखा, डिसायपल्स, आणि सहावी ब्रदरन मंडळी. यातली सर्वांत कठीण गाठ बाप्तिस्म्याची होती. अँग्लिकन तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात. ब्रदरनांच्या पूर्वजांनी तर त्याला नकार देण्यासाठी देश सोडला होता. शेवटी दोन्ही रीती मान्य करून एक होण्याचं ठरलं. ज्यासाठी 1708 नंतर माणसं तुरुंगात गेली तो वाद विदर्भाच्या भूमीवर समजुतीने मिटला, आणि आपल्याला त्याची खबरही नाही.

पूर्ण मिटला मात्र नाही. काही ब्रदरन पुढे बाहेर पडले आणि मालमत्तेचे दावे उभे राहिले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिल्या जिल्ह्याच्या ब्रदरन मंडळीची न्यासाची मालमत्ता विलीनीकरणाच्या ठरावाने आपोआप चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे जात नाही. कोर्टाची पायरी चढायची नाही हा ज्यांच्या पूर्वजांचा नेम, त्यांचे वारस दशकानुदशकं कोर्टात उभे होते, याचं मला फार वाईट वाटतं. बाजू कोणाची बरोबर हे न्यायालयाने सांगितलं आहे. त्या काळात किती गावांतल्या उपासना दुभंगल्या, ते निकालपत्रात येत नाही. शेवटच्या प्रकरणात मी तेवढ्यापुरतंच लिहिलं आहे.

अकोल्याची अलायन्स मंडळी या एकीकरणात नव्हती, म्हणून तिचा रस्ता वेगळा राहिला. मार्क आणि जेनी फुलर हे दांपत्य तिच्या सुरुवातीच्या काळातलं. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालांवरचं जेनी फुलर यांचं पुस्तक 1900 मध्ये निघालं, त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती, आणि जेनीबाई त्याच वर्षी वारल्या. मेळघाटच्या कोरकूंमध्ये काम करणाऱ्या मिशनच्या जॉन ड्रेक यांनी 1903 मध्ये कोरकू भाषेचं व्याकरण छापलं. ही सगळी सामग्री साहेबांच्या लेखणीतली आहे, आणि ती मौल्यवान आहेच. पण जर्मनटाउनचा इतिहास इतका भरघोस का लिहिता येतो? कारण तिथल्या साध्या माणसांचे कागद टिकले. कोण कुठल्या जहाजाने आलं, कोणाचं लग्न कोणाशी झालं, कोणाला कोणत्या वादावरून मंडळीबाहेर ठेवलं, कोणाला परत घेतलं.

तसे कागद वऱ्हाडात आहेत. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात नाव, आईबापांची नावं, जन्मतारीख, गाव, धंदा आणि पाळकाची सही असते. 1899 नंतरच्या पानांवर आईबापांच्या रकान्यात काहीच नसेल, तर दुष्काळातलं ते अनाथ मूल तिथेच बोलू लागतं. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे लग्नाची नोंद वेगळी ठेवावी लागते, साक्षीदारांच्या सह्यांसकट. ज्याला सही येत नव्हती त्याचा अंगठा असतो, आणि पुढच्या पिढीत त्याच आडनावापुढे वळणदार मोडी किंवा बाळबोध सही येते. वडीलमंडळाच्या सभांची इतिवृत्तं, दफनभूमीचा नकाशा, स्त्रीसंघाच्या वर्गणीची वही, शब्बाथशाळेचा हजेरीपट. यातलं बरंचसं लाकडी कपाटात खालच्या कप्प्यात असतं, आणि खालच्याच कप्प्यात वाळवी आधी लागते.

ज्यांच्या ताब्यात अशी रजिस्टरं आहेत त्यांना एवढंच सांगतो: रजिस्टरांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, नव्या वहीत उतरवून जुनी वही टाकून देऊ नका. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोऱ्या पानाचाही. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि मंडळीत जी म्हातारी माणसं आहेत त्यांना ती पानं दाखवून नावं विचारून घ्या, कारण रजिस्टरात नुसतं सोनाबाई असं लिहिलेलं असतं आणि ती कोणाची आजी, हे त्यांनाच ठाऊक असतं.